आईच्या बोटांना कळते ते

मंडळी, या आठवड्यात तुडतुड्यांवर लिहायचे ठरवले होते. रोवणी आटोपली, बांध्यांत पाणी साचून आहे, हवा दमट आहे. तुडतुड्यांना याहून काय हवे? पण ते पुढच्या खेपेला. आज मनात दुसरेच घोळते आहे आणि ते सांगितल्याशिवाय लेखणी पुढे सरकत नाही.

गेल्या मंगळवारी धानपट्ट्यातल्या एका गावी आमची शेतीशाळा होती. पंचवीस-तीस माणसे बांधावर जमली होती. मी धानाची चूड वाकवून बुंध्याशी तुडतुडे कसे मोजायचे ते दाखवत होतो. तेवढ्यात पुढे बसलेला एक शेतकरी उठला आणि काही न बोलता घराकडे चालू लागला. मला राग आला. इतकी वर्षे नोकरी झाली तरी हा राग जात नाही. आपण बोलत असताना माणूस उठून गेला म्हणजे आपला अपमान झाला, असे सरकारी माणसाला वाटतेच.

परतताना त्याच्याच घरावरून वाट होती. ओसरीत खाटेवर सात-आठ वर्षांचा मुलगा पाय पोटाशी घेऊन पडला होता. बाप त्याच्या पोटऱ्या गरम फडक्याने शेकत होता. आई मुलाच्या डाव्या बरगडीखाली बोटे टेकवून, मान खाली घालून अगदी गप्प बसली होती. मला वाटले, दृष्ट काढते आहे की काय.

"दोन बोटं. काल एवढीच होती," ती म्हणाली. नवऱ्याने खुंटीला अडकवलेल्या पिशवीतून शाळेची वही काढली, तारीख घातली आणि लिहिले : ताप नाही, दोन्ही पाय दुखतात, काल पावसात भिजला, पाणथरी दोन बोटे.

मुलाला सिकलसेल आहे. मी पायरीवर टेकलो. राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी एक जुनी गोष्ट येऊन बसली. ती पुढे सांगतो.

पूर्व विदर्भात आणि तिकडे नंदुरबारच्या सातपुड्यात या आजाराचे नाव घरोघर ठाऊक आहे. इतर वाचकांसाठी थोडे सांगतो. सिकल म्हणजे आपला विळा. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. या आजारात अंगात पाणी कमी पडले, ताप आला, थंडी बाधली, दम लागेपर्यंत श्रम झाले की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात. बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. पाटात काडीकचरा अडकला की पुढच्या बांधीला पाणी पोचत नाही, तसे पुढच्या भागाला रक्त पोचत नाही, आणि मग हाडांत जी कळ निघते तिची कल्पना आपल्याला येणार नाही. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही वाकडी पेशी दहा-वीस दिवसांत मोडते. म्हणून मूल कायम फिके दिसते आणि डोळे पिवळे होतात. पहिले सहा महिने मूल ठणठणीत असते, कारण आईच्या पोटात तयार झालेले वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन तोवर त्याला सांभाळते. नंतर एखाद्या दिवशी हातापायांचे पंजे सुजतात. तिथून घराचा फेरा सुरू होतो.

आता ती जुनी गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी अशीच होती. नागपूरला रक्त तपासून आजाराचे नाव कळले होते, पण नावापलीकडे आम्हाला कोणी काही सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. १९९६ सालच्या पावसाळ्यात, पोर अडीच वर्षांची असताना, एका संध्याकाळी ती एकदम मलूल झाली. आम्ही तिला दवाखान्यात नेले. कुठल्या ते सांगत नाही. सांगून आता उपयोगही नाही. बहीण पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हिचं पोट सकाळी असं नव्हतं. डावीकडं काहीतरी कडक लागते." तिथले डॉक्टर म्हणाले, "जंत असतील, उद्या पाहू. तुम्ही बाहेर बसा." बहीण उठेना. तेव्हा मीच तिला दटावले. "डॉक्टरांना कळते की तुला? गप्प बस." मी शिकलेला, बीएस्सी ॲग्री, नुकताच नोकरीला लागलेला. माझ्या शब्दाला घरात वजन होते. ती गप्प बसली. पहाटे पोर गेली.

तिच्या पोटात काय झाले होते ते मला पुष्कळ वर्षांनी समजले. डाव्या बरगडीखाली पाणथरी असते, पुस्तकात जिला प्लीहा म्हणतात. सिकलसेलच्या लहान मुलांत, विशेषतः पाच वर्षांच्या आत, कधी कधी अंगातले रक्त एकाएकी या पाणथरीत जाऊन साठते. पाणथरी फुगते, मूल पांढरेफटक पडते, धाप लागते. वेळेवर रक्त चढवले तर मूल वाचते. नाहीतर काही तासांचा खेळ असतो.

जमैका बेटाचे नाव तुम्ही क्रिकेटमुळे ऐकले असेल. तिथेही हा आजार पुष्कळ आहे. किंग्स्टन शहरातल्या एका मोठ्या प्रसूतिगृहात १९७३ पासून जन्मणाऱ्या बाळांचे रक्त तपासायला सुरुवात झाली. १९८१ पर्यंत एक लाख बाळे तपासली आणि ज्यांना आजार निघाला त्यांच्यावर जन्मापासून लक्ष ठेवले. ग्रॅहम सरजंट नावाचे डॉक्टर या कामाचे प्रमुख होते. मुले पाणथरी फुगून दगावतात हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी साधीच गोष्ट केली. आयांना, आज्यांना, जो कोणी मूल सांभाळत असेल त्याला, पाणथरी बोटांनी कशी चाचपायची ते शिकवले. आधी अशा शंभर झटक्यांत सुमारे २९ मुले जात होती. शिकवल्यानंतर सुमारे ३. आणि गंमत अशी की नोंदलेल्या झटक्यांची संख्या मात्र दुपटीहून जास्त झाली. आजार वाढला नव्हता. पूर्वी जे कोणाला कळत नव्हते ते आता आयांना कळू लागले होते.

हे १९८५ साली छापून आले होते. माझी भाची १९९६ साली गेली. आणि तिच्या आईला तर कोणी न शिकवताच कळले होते.

त्या ओसरीवर मी त्या बाईला विचारले, हे तुम्हाला कोणी शिकवले? ती म्हणाली, "जिल्ह्याच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होती. तिनं माहा हात धरला न् पोराच्या पोटावर ठेवला. म्हणाली, मी महिन्यातून एकदा पाहीन, तू रोज पाहशील. मंग कोणाले जास्त कळन?"

मंडळी, ही बाई रोवणीला जाते, सही पुरती येते, वही नवरा लिहितो. पण त्या दिवसापासून ती दवाखान्यात भीत भीत उभी राहत नाही.

रीत सांगतो, पण एक बजावतो : हे पहिल्यांदा डॉक्टर किंवा परिचारिकेच्या हाताखालीच शिकायचे. वाचून नाही. मुलाला उताणे निजवून गुडघे वर घ्यायला लावायचे, म्हणजे पोट सैल पडते. रडत असेल तर थांबायचे. आपली बोटे सपाट ठेवून पोटाच्या खालच्या भागापासून डाव्या बरगडीकडे हळूहळू सरकत जायचे, दाबायचे नाही. मुलाने श्वास आत घेतला की पाणथरीची कड बोटांना येऊन टेकते. बरगडीखाली किती बोटे उतरली आहे ते मोजायचे. आपल्याकडच्या पुष्कळ मुलांत ती मोठ्या वयापर्यंत थोडी वाढलेलीच राहते. म्हणून आपल्या मुलाची नेहमीची किती हे माहीत असणे महत्त्वाचे. नेहमी दोन असेल आणि आज चार लागली, मूल फिके आणि सुस्त दिसले, तर सकाळची वाट पाहायची नाही. तडक निघायचे, ते रक्त चढवण्याची सोय असेल अशा ठिकाणी. ती सोय आपल्या जवळ कुठे आहे हे आजच विचारून ठेवा. १०८ ची गाडी बोलवा आणि गाडी कुठून येते तेही माहीत करून घ्या.

ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, एका बाजूचा हातपाय लुळा पडला किंवा बोबडी वळली, तरीही हेच.

आता दवाखान्यांविषयी. इंग्लंडात एके काळी दवाखान्यातल्या मुलांना आईबापांनी ठरल्या वारी, ठरल्या तासालाच भेटायचे असा नियम पुष्कळ ठिकाणी होता. आई आली की मूल रडते, मग कामात अडथळा, असे परिचारिकांना वाटे. १९५९ साली तिथल्या सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने सांगितले की भेटीची आडकाठी काढा आणि लहान मुलाबरोबर आईलाही राहू द्या. आपल्याकडे तसे नाही. आपल्या सरकारी दवाखान्यात आई खाटेखाली चटई टाकून राहतेच. अंग पुसणे, भरवणे, सलाइनची बाटली संपली की धावत सांगणे, सगळे तीच करते. आपण आईला हाकलत नाही. पण काही सांगतही नाही. डॉक्टरांची फेरी आली की 'बाजूला व्हा'. मग बापाला बाहेर बोलावून चार वाक्ये सांगितली जातात. बाप घाबरलेला असतो. तो दोन वाक्ये विसरतो, एक चुकीचे ऐकतो आणि एक बायकोला सांगतो.

डॉक्टरांवर मी सगळा दोष टाकत नाही. एका सकाळी दोनशे रुग्ण तपासणाऱ्या माणसाला गप्पा मारायला सवड कुठली? मीसुद्धा कित्येक वर्षे शेतात जाऊन आधी पान पाहायचो आणि शेतकऱ्याला शेवटी विचारायचो. करप्यावर औषध सांगून मोकळा व्हायचो, आणि मागून कळायचे की गड्याने त्या कोपऱ्यात युरियाची दोन पोती जास्त ओतली होती. त्याला ते माहीत होते. मी विचारलेच नव्हते.

म्हणून वही. ही वही त्या घराची मला सर्वांत आवडलेली वस्तू. डॉक्टर बदलले, बाईंची बदली झाली, कागद हरवले, तरी वही आहे. पहिल्या पानावर मुलाचे नाव, रक्तगट, कधी किती रक्त चढवले, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आले होते. पुढे रोजचे. डॉक्टरांसमोर गेल्यावर माणसाची जीभ टाळ्याला चिकटते. तेव्हा वही बोलते. नवे डॉक्टर आधी वैतागतात, मग वाचू लागतात. त्या बाप्याने सांगितले की एका तरुण डॉक्टरने वही चाळून विचारले, "दुखणे बहुतेक वेळा सोमवारी कसे येते?" नवराबायको एकमेकांकडे पाहू लागले. रविवारी मुलगा दिवसभर तळ्यावर पोरांबरोबर डुंबत होता! हे त्यांना घरी दिसले नव्हते आणि डॉक्टरला दवाखान्यात दिसले नसते. दोघांनी मिळून पाहिले तेव्हा दिसले.

थंड पाणी हा या मुलांचा वैरी, आणि आपल्या धानपट्ट्यात रोवणी म्हणजे दिवसभर चिखलपाण्यात वाकून उभे राहणे. सिकलसेलच्या मुलाला किंवा मुलीला रोवणीला नेऊ नका. मजुरी बुडते, मला कळते. पण एका दुखण्यात चार रोवण्यांचे पैसे जातात. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला नेतानाही पाणी भरपूर द्या. ही मुले पाणी पीत राहिली पाहिजेत. दुखले तर गरम शेक. बर्फ किंवा थंड पट्टी दुखऱ्या जागी लावू नका.

पाण्यावरून आठवले. ही मुले मोठी झाली तरी रात्री अंथरुणात लघवी करतात आणि पुष्कळ घरांत त्यासाठी मार खातात. यात आळस नाही. या आजारात मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही, लघवी पातळ आणि जास्त होते. काही आया संध्याकाळनंतर पाणी बंद करतात. तसे करू नका, त्याने दुखणे ओढवते. रात्री एकदा उठवा, आणि शाळेत गुरुजींना जाऊन सांगा की याला बाटली जवळ ठेवू द्या आणि विचारील तेव्हा बाहेर सोडा. एका गुरुजींना 'हा सारखा बाहेर पळतो' म्हणून मुलाला उभे करताना मी स्वतः पाहिले आहे. त्यांनाही कोणी सांगितले नव्हते.

औषधांचे थोडक्यात. फोलिक ॲसिडची गोळी रोजची. हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल डॉक्टर वजन पाहून ठरवतात. तिने दुखण्याच्या पाळ्या कमी होतात, पण मधून मधून रक्ततपासणी करावीच लागते. बरे वाटते म्हणून बंद करू नका. मूल फिके दिसते म्हणून दुकानातून लोहाचे टॉनिक आणू नका. लोह द्यायचे की नाही ते डॉक्टर सांगतील. लसी सगळ्या टोचून घ्या, न्युमोनियाची तर नक्कीच.

आणि दोष कोणाचा? सासू म्हणते सुनेचा. मेंडेलने वाटाण्याची रोपे लावून जे दाखवले ते आम्ही कॉलेजात घोकले होते. तेच इथे आहे. मुलाला आजार व्हायला एक दाणा आईकडून आणि एक बापाकडून यावा लागतो. एकच आला तर माणूस वाहक. तो सहसा धडधाकट असतो, शेतात राबतो, त्याला पत्ताही नसतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता आजाराची, दोन वाहकाच्या, एक निव्वळ निरोगी मुलाची. म्हणजे बाईला जितका बोल लावाल तितकाच बाप्याला लावावा लागेल, तेव्हा दोघांनाही सोडा. काही समाजांत हा आजार जास्त आढळतो, पण अमक्याच जातीचा म्हणून हिणवणे हे अडाणीपण. लग्नाआधी तपासणी जरूर करा. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी माणसांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेल, थॅलेसिमिया आणि हिमोफिलिया हे आजार आले आहेत. प्रमाणपत्राच्या कामाला एक दिवस मोडतो, पण तो मोडा.

वहीची गोष्ट सिकलसेलपुरती नाही. मुलाला फेफरे येत असेल तर झटका किती मिनिटे टिकला ते घड्याळ पाहून लिहा. दमा असेल तर तो मळणीच्या धुळीने येतो की चुलीच्या धुराने, ते लिहा. मधुमेह असेल तर इन्सुलिन किती टोचले, जेवण किती झाले, साखर किती निघाली ते लिहा. डॉक्टरांना न लाजता विचारा, आणि घरी काय करायचे ते मुलाच्या आईसमोर सांगा असा आग्रह धरा. समजले नाही तर 'पुन्हा सांगा' म्हणा. बापांनो, हे तुम्हाला जास्त सांगतो. आपण 'हो साहेब, हो साहेब' करून बाहेर येतो. माझ्या शेतीशाळेतही तुम्ही तेच करता, मला ठाऊक आहे!

त्या घरात अजून एक गोष्ट पाहिली. दाराशी त्या मुलाची थोरली बहीण उभी होती, बारा-तेरा वर्षांची. भाऊ दुखण्यात पडला की हिची शाळा बुडते, कारण आई दवाखान्यात आणि धाकटे हिच्या कडेवर. मी तिला कितवीत आहेस विचारले तर तिने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "सातवीत हाय. नाव हाय शाळेत." यापुढे ती काही बोलली नाही, मीही नाही. दवाखान्याच्या वहीत या मुलीचे पान नाही. भावकीने, शेजाऱ्यांनी त्या आठवड्यात दोन भाकरी जास्त टाकल्या आणि धाकट्याला सांभाळले, तर ही मुलगी शाळेत जाईल. गावाने एवढे करायला कोणत्या योजनेची वाट पाहायची?

बहिणीला मी अजून त्या रात्रीबद्दल नीट काही बोललेलो नाही. या वर्षी राखीला गेलो तेव्हा जमैकाचे सांगायचे ठरवले होते. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. सांगितले. तिने सूप खाली ठेवले नाही. बराच वेळ पाखडत राहिली आणि मग म्हणाली, "मले कळलं होतं, दादा." मी "हो" म्हणालो.

परवा, म्हणजे शुक्रवारी, मी मुद्दाम पुन्हा त्या शेतकऱ्याच्या गावी गेलो. मुलगा ओसरीवर बसून मुरमुरे खात होता. पाय दुखायचे थांबले होते, पाणथरी दोनच बोटे. बाई बांधावरून आली होती, गुडघ्यापर्यंत चिखल. हात धुवून तिने चहा ठेवला आणि नवऱ्याच्या आधी तिनेच विचारले, "साहेब, ते तुडतुड्याचं त्या दिवशी अर्धंच राहिलं जी. चुडीत किती दिसले म्हंजे फवारायचं?"

मी पिशवीतून कागद काढले. ते तुम्हालाही पुढच्या आठवड्यात सांगतो. तोवर बांधीतले पाणी तीन-चार दिवस काढून टाका.